चपलेतलं पाणी

१

ऑफिसात त्यांना सगळे वहिनी म्हणत. याला जबाबदार एकच माणूस, त्यांचा सख्खा दीर. तो त्याच ऑफिसात मोजणीदार म्हणून लागला आणि पहिल्याच दिवशी भर कॉरिडॉरमध्ये त्यानं आरोळी ठोकली, "वहिनी, डबा विसरलात!" बावीस वर्षांची नोकरी, डॉक्टरेट, दारावरची विभागप्रमुखाची पाटी, सगळं त्या डब्याबरोबर वाहून गेलं. त्या दिवसापासून शिपायापासून साहेबांपर्यंत सगळ्यांच्या त्या वहिनी झाल्या, आणि दीर सगळ्यांचा भावजी.

वहिनींच्या ताब्यात जगभरातली तीनशे बारा तळी होती. ताब्यात म्हणजे पडद्यावर. उपग्रहानं पाठवलेली चित्रं सकाळी त्यांच्या टेबलावर हजर असायची. संगणक प्रत्येक तळ्याच्या पाण्याभोवती रेघ मारायचा, वहिनी ती रेघ तपासायच्या आणि तक्त्यात आकडा भरायच्या. कुठलं तळं किती आटलं, कुठलं किती टिकलं. तळ्यांचे क्रमांक काही केल्या लक्षात राहत नसत, म्हणून त्यांनी आकारावरून नावं ठेवली होती. तवा, इस्त्री, भोपळा, चप्पल. रोज सकाळी हातात चहा घेऊन त्या हजेरी घेत. "काय रे भोपळ्या, अजून बारीक झालास? खात जा जरा."

बहुतेक सगळेच बारीक होत होते. यात हसण्यासारखं काही नाही हे वहिनींना पुरतं ठाऊक होतं. पण रोज तीनशे बारा वेळा रडत बसलं तर काम कोण करणार, असा त्यांचा साधा हिशेब होता.

त्यातली चप्पल अकरा वर्षांपूर्वीच गेलेली. कोरड्या पठारावरचं मोठं, पायताणाच्या आकाराचं तळं. तिच्यापुढे अकरा वर्षं शून्य होतं. आणि मग एका मंगळवारी चार आले. चार हेक्टर.

"संगणकाला डुलकी लागली," वहिनी स्वतःशीच म्हणाल्या आणि चित्र उघडलं. कधीकधी ढगाची सावली पाण्यासारखी दिसते. आकाश तर धुतल्या काचेसारखं होतं. ओलं मीठही फसवतं, पण तिथे आठ महिन्यांत पाऊस नव्हता. मग त्यांनी रडारचं चित्र काढलं. रडारला संथ पाणी काळंकुट्ट दिसतं. टाचेच्या जागी, वाटीएवढा, काळाकुट्ट ठिपका होता.

शुक्रवारी चाराचे चाळीस झाले.

२

साहेब खुर्चीतून उठून उभेच राहिले. "वहिनी, अहो ही बातमी आहे! दरवर्षी आपण जगाला सांगतो, हे गेलं, ते गेलं. यंदा पहिल्यांदा सांगू, एक परत आलं!"

"पाणी आलं कुठून, ते आधी सांगावं लागेल, साहेब."

"जमिनीतून आलं असेल. वरून नाही तर खालून. तिसरी दिशा आहे का?"

नव्हती, हे वहिनींना मान्य करावं लागलं. पण डोळ्यांनी पाहिल्याशिवाय अहवालात ओळ जाणार नाही, हा त्यांचा नियम. डोळ्यांनी पाहायला जायचं काम भावजींचं.

दोघे भाऊ एकाच मजल्यावर समोरासमोर राहत. दारं दिवसभर उघडी, त्यामुळे कुठल्या घरात कोण जेवतंय याचा पत्ता जेवण झाल्यावरच लागायचा. त्या संध्याकाळी वहिनींकडे भावजींची बॅग भरण्याचा कार्यक्रम झाला. बॅग धाकटी जाऊ भरत होती, भावजी नुसते मधे मधे करत होते.

"पोहता येत नाही ह्यांना," धाकटी म्हणाली. "ताई, तुम्ही माझ्या नवऱ्याला तळ्यावर पाठवताय."

"अगं, कमरेएवढंही नसेल पाणी," वहिनी म्हणाल्या.

"पाणी असलं तर पाय धुऊन येईन," भावजी म्हणाले. "नसलं तर वहिनींचे डोळे तपासून घेऊ. उपग्रहालाही चाळिशी लागत असेल, काय दादा?"

दादा, म्हणजे वहिनींचे यजमान, शाळेत भूगोल शिकवत. सगळं जग त्यांना मास्तर म्हणे. वर्तमानपत्रातून डोकं वर न काढता ते म्हणाले, "उपग्रह खोटं बोलत नाही. तो फक्त सांगतो. समजायचं काम आपलं."

"बघा," भावजी बायकोला म्हणाले, "सुट्टीतही तास घेतात."

३

दोन दिवस प्रवास करून भावजी पोचले. तळ्याच्या पश्चिम काठावर तंबू, एक जीप आणि जीपचा म्हातारा ड्रायव्हर. गुडघे दुखतात म्हणून तो जीप सोडून कुठे जात नसे.

सकाळी अकराला वहिनींच्या टेबलावरचा फोन वाजला. त्यांनी तो नेहमीप्रमाणे स्पीकरवर टाकला.

"वहिनी, मी तुमच्या चपलेच्या टाचेत उभा आहे."

"पाणी किती आहे?"

"पाणी?" भावजी खो खो हसले. "ठणठणीत कोरडं! भेगा एवढ्या की हात जाईल. काठापासून दीड किलोमीटर आत आलोय, वीस मिनिटांत. बुटाला चिखल लागेल तर शपथ."

वहिनींनी पडद्याकडे पाहिलं. त्याच सकाळचं चित्र उघडं होतं. टाच पूर्ण भरली होती. सातशे हेक्टर.

"जागा चुकली असेल तुमची," त्या म्हणाल्या.

"किंवा तुमची. यंत्राला विचारलं तर यंत्र म्हणतं मी बरोब्बर मध्यावर आहे. थांबा, ताडपत्री अंथरतो. पांढरी, वीस बाय वीस. वरून दिसेलच. मग ठरवू कोण कुठे आहे ते."

हे डोकं भावजींचंच. पांढरी ताडपत्री अंथरायची, चारी बाजूंनी दगड ठेवायचे आणि उपग्रहाच्या चित्रात ती कुठे दिसते ते पाहायचं. जागेची चूक असेल तर लगेच उघडी पडते. वहिनींना हायसं वाटलं. जागेची चूक ही ओळखीची चूक होती.

"मी चालत चालत बोलतो," भावजी म्हणाले. आणि पाठोपाठ स्पीकरमधून आवाज येऊ लागला.

छप. छप. छप.

वहिनींनी एसी बंद केला. खोली गप्प झाली. भिंतीवरचं घड्याळ ऐकू येऊ लागलं, आणि त्याच्यामधून ते, छप, छप. उथळ पाण्यातून माणूस चालतो तसं.

"भावजी, पाण्यातून चालताय?"

"कसलं पाणी! खपल्यांवरून चालतोय. कडकड वाजतंय, पापडावरून चालल्यासारखं. ऐकू येत नाही का?"

"येतंय," वहिनी म्हणाल्या. दुसरं काय म्हणणार?

४

पुढच्या चित्रात ताडपत्री दिसली. अगदी जागेवर. जागेची चूक नव्हती. फक्त ती पांढरी नव्हती, किंचित निळसर होती, पाण्याखालून दिसावी तशी.

त्याच्या पुढच्या चित्रात ती तीनशे मीटर पूर्वेला होती, आणि तिरकी.

वहिनींनी लगेच फोन केला. भावजींनी लगेच फोटो पाठवला. ताडपत्री, चार बाजूंना दगड, शेजारी पुरावा म्हणून भावजींचा स्वतःचा बूट. सूतभरही हललेली नाही.

वहिनींनी साहेबांना बोलावून फोनवरचा आवाज ऐकवला. साहेबांनी कान लावला, मान हलवली. "लाइनमध्ये खरखर आहे. पठारावर टॉवर कुठले! वहिनी, दोन दिवस रजा घ्या बघू."

खरखर. वहिनींना ते पटवून घ्यायचं होतं. शास्त्राचं काम करणाऱ्या बाईनं कानापेक्षा तक्त्यावर विश्वास ठेवावा हे बरं. म्हणून त्या तक्त्याकडे गेल्या, आणि तिथेच फसल्या. पाण्याच्या पातळीची उंची मोजणारा एक वेगळाच उपग्रह असतो. दुसऱ्या देशाचा, दुसऱ्या कक्षेतला, ह्या चित्रांशी त्याचा काडीचा संबंध नाही. त्याचे आकडे वहिनींनी मागवले. पहिल्या दिवशी ताडपत्रीच्या जागी पाणी वीस सेंटिमीटर होतं. चार दिवसांनी पन्नास. परवा नव्वद.

त्या संध्याकाळी भावजींचा फोन घरी आला. धाकटीशी बोलून झाल्यावर त्यांनी वहिनींना मागितलं.

"वहिनी, मी म्हातारा झालो."

"आज कळलं?"

"हसू नका. पहिल्या दिवशी ताडपत्रीपर्यंत वीस मिनिटं लागली होती. मग तीस. आज पन्नास. पाय उचलतच नाहीत. ड्रायव्हर मला म्हणतो, साहेब, तुम्ही आत गेलात की नवरदेवासारखे चालता, मोजून मोजून. काठावर आलो की परत ठीक."

वहिनींनी मनातल्या मनात आकडे मांडले. घोटा, गुडघा, कंबर. वीस, पन्नास, नव्वद.

"उन्हानं होतं तसं," त्या म्हणाल्या. "भावजी, काम झालंय. कोरडं आहे म्हणून लिहून टाकू. तुम्ही या परत."

"येतो की. गुरुवारी ताडपत्री गुंडाळतो आणि निघतो. सरकारी माल आहे, टाकून कसा येऊ? आणि साहेबांनी म्हणे गुरुवारसाठी खास चित्र मागवलंय, मोटारगाडीही ओळखू येईल असं. म्हटलं, हात हलवतो वरती बघून."

रात्रभर वहिनींनी स्वतःला समजावलं. माणूस कोरड्या जमिनीवर उभा आहे. त्याचा बूट कोरडा आहे. कोरड्या जमिनीवर माणूस कसा बुडेल? इतकं सरळ वाक्य त्यांनी उभ्या आयुष्यात दुसरं केलं नव्हतं, आणि तरी ते त्यांना पटत नव्हतं.

५

गुरुवारी सकाळी दहाला नवा आकडा आला. ताडपत्रीच्या जागी, एकशे एकाहत्तर सेंटिमीटर.

भावजींची उंची वहिनींना पाठ होती. लग्न ठरवताना त्यांनीच ती वाढवून सांगितली होती. खरी उंची एकशे सहासष्ट.

त्यांनी फोन लावला. बराच वेळ वाजला.

"बोला वहिनी." आवाज दमलेला होता, पण हसरा. "तासाभरापूर्वी निघालो, अजून दोनशे पावलं आहेत. वारा तर नाही, पण छातीवर कोणी हात ठेवून मागे ढकलतंय असं वाटतं. गंमतच आहे."

आता छप छप नव्हतं. आता नुसती एक जड, संथ सळसळ होती, आणि तिच्यातून भावजींचा श्वास.

"भावजी, परत फिरा."

"अहो, ती बघा, समोर दिसतेय."

"राहू दे ताडपत्री. परत फिरा."

"कारण काय पण?"

कारण. तुम्ही पाण्यात आहात, भावजी. तुम्हाला दिसत नाही, पण आणखी दोनशे पावलं गेलात तर तुमच्या नाकातोंडात जाणार आहे. असं बोलणाऱ्या विभागप्रमुखाला माणूस काय म्हणेल? हसेल, आणि पुढे चालेल. भावजींना वहिनी चांगल्या ओळखत होत्या. शहाणपणानं ते आजवर एकदाही मागे फिरले नव्हते. एकाच गोष्टीनं फिरत.

"धाकटी जिन्यावरून पडली," वहिनी म्हणाल्या. "दवाखान्यात नेलंय. तुमचं नाव घेतेय. आत्ताच्या आत्ता निघा."

पलीकडे सळसळ एकदम मोठी झाली. मग, "निघालो."

"फोन बंद करू नका. खिशात ठेवा."

पुढचा तास वहिनींनी टेबलावर दोन्ही कोपर टेकून काढला. शिपाई चहा ठेवून गेला, चहावर साय धरली. शेजारच्या खोलीत कोणीतरी कोणाच्या तरी बढतीवर हसत होतं. स्पीकरमधून ती सळसळ येत राहिली. छातीची, मग कमरेची, हे आवाज हलका होत गेला तसं वहिनींना नुसत्या ऐकण्यावरून कळत गेलं. मग डुबुक डुबुक, गुडघ्याचा. मग छप छप. आणि मग एकदम काहीच नाही, नुसते धावणारे कोरडे बूट, आणि जीपचं दार.

"ड्रायव्हर, चल! बायको पडली माझी!"

वहिनींनी डोकं टेबलावर टेकवलं. रडू येईल असं त्यांना वाटलं होतं, पण आलं हसू. आता धाकटीला तोंड कसं दाखवायचं, ह्याचं.

६

धाकटीनं घर डोक्यावर घेतलं. भावजी दोन दिवसांचा प्रवास पावणेदोन दिवसांत करून, दाढी वाढलेले, हातात फळांची पिशवी घेऊन दारात उभे राहिले तेव्हा ती भाजी निवडत होती. भावजींना फोनवर आधीच खरं सांगता आलं असतं, पण त्यांनी वाटेत मोबाइल पाडला होता, आणि धाकटीला सांगायचा वहिनींचा धीर झाला नव्हता.

"धडधाकट बसलेय मी इथे! ताई, मला जिवंतपणी दवाखान्यात टाकलंत?"

"फळं आणलीत ना पण त्यानं," मास्तर म्हणाले. "लग्नानंतर प्रथमच."

हसून हसून मग राग उतरला. वहिनींनी कारण सांगितलं ते अर्धं. उन्हाची लाट येणार होती, भावजी ऐकत नव्हते, म्हणून थाप मारली. ताडपत्रीची किंमत आपण भरू म्हणाल्या. धाकटीनं प्रवासाचे कपडे धुवायला घेतले आणि तिथून ओरडली, "अहो, घाम म्हणायचा की काय हा? गळ्यापर्यंत मीठ साचलंय शर्टावर. रेघ ओढल्यासारखं!" वहिनी तिकडे पाहायला गेल्या नाहीत.

शनिवारी चपलेपुढे शून्य आलं. रडारमध्येही शून्य. उंची मोजणाऱ्या उपग्रहाकडूनही कोरडी जमीन. आलं तसं गेलं होतं. साहेबांनी बातमीचा मसुदा फाडून टाकला. वहिनींनी अहवालात लिहिलं, "प्रत्यक्ष पाहणीत पाणी आढळले नाही." त्यातला शब्द न् शब्द खरा होता.

रविवारी सगळे वहिनींकडे जेवायला होते. जेवणं झाली, आणि भावजींना आठवलं. "वहिनी, गुरुवारचं ते खास चित्र? त्यात मी आलो का?"

आले होते. वहिनींनी ते शुक्रवारीच पाहिलं होतं, एकदा, आणि मिटलं होतं. पण आता भावजी लॅपटॉप घेऊनच आले, आणि नाही म्हणायला कारण सापडेना. चार डोकी पडद्यावर झुकली.

निळंशार पाणी. त्याच्यातून, पश्चिमेच्या काठाकडे जाणारी पांढरी रेघ, टोकाशी निमुळती आणि मागे फाकत गेलेली. होडी किंवा बदक पोहताना पाण्यात मागे सोडतं तशी. टोकाशी एक बारीक काळा ठिपका.

"हा मी!" भावजी टाळी वाजवून म्हणाले. "काय तरी तुमचा उपग्रह, वहिनी. कोरड्या जमिनीवरून धावणाऱ्या माणसाचं त्यानं बदक केलं!"

धाकटी हसता हसता पडद्याजवळ गेली. "आणि हे मागचं बदक कुठलं?"

त्या रेघेच्या मागे, थोड्या अंतरावर, दुसरी रेघ होती. तळ्याच्या मधून निघालेली, भावजींच्या रेघेला मिळालेली, आणि तिच्यामागून तिच्याच वाटेनं आलेली. पहिलीपेक्षा पुष्कळ रुंद.

"सावली," वहिनी पटकन म्हणाल्या. हे उत्तर त्यांनी दोन दिवस घोटून ठेवलं होतं.

मास्तरांनी चष्मा वर केला, चित्राच्या कोपऱ्यातली वेळ वाचली. "सकाळी साडेदहा. सूर्य पूर्वेला. हा पश्चिमेला धावतोय. सावली ह्याच्या पुढे पडायला हवी." वर्गात चूक सुधारावी तसे ते म्हणाले, आणि म्हणून झाल्यावर त्यांनाच कळलं आपण काय म्हणालो ते.

भावजींनी पडदा जवळ ओढला. "मग तो ड्रायव्हर असेल," ते म्हणाले. "आला होता की माझ्यामागून. मला पाठीमागे चाहूल लागत होती. मी न वळताच म्हटलं, पाय उचल रे, बायको पडलीय माझी."

"ड्रायव्हर जीप सोडत नाही म्हणाला होतात," धाकटी म्हणाली.

"नाहीच सोडत. मी पोचलो तेव्हा जीपमध्येच झोपलेला होता," भावजी म्हणाले. त्यांचं बोट अजून त्या रुंद रेघेवर होतं.

"मग काय?" वहिनींनी विचारलं.

"काही नाही. मी म्हटलं, पाय उचल रे," भावजी म्हणाले. "आणि तो 'हो' म्हणाला."